शब्द आणि दस्त

“आम्ही एका घरचे, आम्हांस कागद कशाला?” असे उद्गार आपल्या मराठवाड्यात वारंवार कानी पडतात. भाऊ भावास शेत बटईने देतो, मित्र मित्रास पैसे देतो. परंतु लिहून मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे होय, असा समज आहे. विद्यार्थीमित्रहो, हा समज तपासून पाहिला पाहिजे.

पवित्र शास्त्रात यिर्मयाच्या ग्रंथातील ३२ वा अध्याय पाहा. त्या संदेष्ट्याने अनाथोथ येथील शेत आपला चुलतभाऊ हनामेल याजकडून १७ शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतले. दोघे एकाच कुळातले. तरीही खरेदीखत झाले, त्यावर साक्षीदारांच्या सह्या झाल्या, आणि ते पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या पात्रात ठेवण्यात आले. त्या वेळी नगरास शत्रूचा वेढा पडला होता व यिर्मया स्वतः कैदेत होता. माणसे उद्या असोत वा नसोत, शब्द टिकावा, यासाठीच हा लेख होता.

तथापि, नुसता कागद पुरत नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, व दंग्याचे लोण आपल्या शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यातही पोहोचले. जमावाचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. तेथे लेख होता. परंतु ज्यांनी त्यावर निशाणी केली, त्यांपैकी पुष्कळांना तो वाचता येत नव्हता. पुढे १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्यांचे दस्त ग्रामनिबंधकासमोर करण्याची तरतूद केली. सचोटीवाचून लेख हा फासच होय.

१८७२ चा करार कायदा तोंडी करारही मानतो. पण वाद उपस्थित झाल्यास तो शाबीत करणे कठीण जाते. मनुष्य विसरतो, मरण पावतो, आणि भांडण मुलांच्या वाट्याला येते. म्हणून बटईचे शेत किती, मुदत कोणती, बीखताचा खर्च कोणाचा व पिकाचा वाटा किती, हे साक्षीदारांसमक्ष लिहावे आणि एकेक प्रत दोघांनी ठेवावी. असे करण्याने प्रेम उणे होत नाही. उलट त्यास कुंपण पडते.

मुलांनो, ज्या घरी आजोबांस अक्षरओळख नाही, तेथे अंगठा उठविण्यापूर्वी दस्त मोठ्याने वाचून दाखविणे, हे तुमच्या विद्येचे पहिले फळ असो.