शिंगाळा बेडूक

अर्जेंटिना देशात पांपा नावाची विस्तीर्ण गवताळ मैदाने आहेत. तेथे एक विलक्षण बेडूक राहतो. भक्ष्याच्या शोधात तो सहसा भटकत नाही. ओलसर मातीत अंग पुरून, डोळे तेवढे वर ठेवून तो तासन् तास निश्चल बसतो. किडा, उंदीर, दुसरा बेडूक, जो तोंडापुढे येईल त्याला तो गट्ट करतो. डोळ्यांवर शिंगांसारखे कातडीचे उंचवटे असल्यामुळे त्याला शिंगाळा बेडूक म्हणतात. टॉमस बेल यांनी १८४३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. हा बेडूक विषारी असल्याची तेथील लोकांची जुनी समजूत खरी नाही. मात्र त्याचा चावा फार झोंबतो.

काही लोक हा बेडूक हौसेने पाळतात. त्याचे पिल्लू नाण्याएवढे, दिसावयास मोठे गोजिरवाणे असते. परंतु दोन पिल्ले एकत्र ठेवली, तर एक दुसऱ्याला गिळू पाहते! म्हणून प्रत्येकास निराळी पेटी हवी. तीत अंग पुरता येईल इतकी ओलसर माती असावी आणि ऊब सुमारे २५ अंश सेल्सिअस असावी.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. ते कातडीवाटे शोषून घेतो. त्याच वाटेने घाणीतील विषही त्याच्या अंगात शिरते. यासाठी पाणी क्लोरीनविरहित असावे व ते वरचेवर बदलावे. मातीही स्वच्छ राखावी. खाण्यास रातकिडे व गांडुळे द्यावीत. घास पिल्लाच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा नसावा व तो चिमट्याने द्यावा. हाडे बळकट होण्यासाठी भक्ष्यावर कधी कधी कॅल्शियमची भुकटी भुरभुरावी.

असे पिल्लू हातात घेऊन कुरवाळावे, असे कोणासही वाटेल. पण आपल्या हातांची उष्णता व साबणाचा अंश त्याच्या नाजूक कातडीस बाधतो. त्याला स्वस्थ बसू देणे, हेच त्याच्यावरील खरे प्रेम होय.

नीट निगा राखल्यास हा बेडूक दहा वर्षांहून अधिक जगतो. हौस फिटली म्हणून त्याला परक्या मुलखातील तळ्यात सोडून देणे सर्वथा अनुचित आहे. तो तेथील जीव खाईल, किंवा स्वतः मरेल. कुत्रा भूक लागताच शेपटी हालवून जवळ येतो. बेडूक काहीच सांगत नाही. न बोलणाऱ्या जिवाची गरज जो ओळखतो, त्यानेच प्राणी पाळावा.

स्वाध्याय
१. शिंगाळा बेडूक भक्ष्य कसे मिळवितो?
२. पेटीतील पाणी वरचेवर का बदलावे?
३. ‘स्वस्थ बसू देणे, हेच खरे प्रेम’ असे लेखक का म्हणतो?