गाडी का लागते? चिखलदऱ्याचा घाट, समुद्रातली बोट आणि आपली मुलं



हिवाळा आला की शाळाशाळांत सहलीची गडबड सुरू होते. आपल्या अमरावती-अकोल्याकडची पहिली पसंती अर्थातच चिखलदरा. मोठ्या वर्गांची सहल कधी मुंबई-अलिबागपर्यंतही जाते. नोटीस वाचून झाली की वर्गात एखादं तरी लेकरू हळूच जवळ येऊन सांगतं, "मॅडम, मले गाडी लागते, मी नाही येत." पैशांची अडचण नसते, घरून परवानगी असते. भीती एवढीच, की सगळ्यांसमोर उलटी होईल अन् पोट्टे चिडवतील.

गाडी लागणं हे नखरे नव्हेत आणि 'पोटाचा कमजोर' असल्याचं लक्षणही नव्हे. दिसते ती पोटात, पण सुरू होते कानात. आपल्या आतल्या कानात अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यात द्रव असतो. शरीर वळलं, हललं की हा द्रव मेंदूला खबर देतो. आता घाटातल्या बसमध्ये मूल समोरच्या सीटची पाठ किंवा मोबाईल बघतंय. डोळे सांगतात, 'आपण स्थिर आहोत.' कान सांगतो, 'अरे, आपण गरागरा वळतोय!' या भांडणात मेंदू गोंधळतो आणि मळमळ, घाम, जांभया, शेवटी उलटी होते.

वर्गात हे दाखवायला एक वाटी पाणी आणि चिमूटभर हळद पुरे. हळद पाण्यावर टाका आणि वाटी काही वेळ गोल फिरवून एकदम थांबवा. वाटी थांबते, हळद फिरतच राहते. भिंगरी घेतल्यावर बसलं तरी जग फिरताना का दिसतं, हे तिसरीतलं मूलही लगेच सांगतं. मग मुलांना विचारा, "ड्रायव्हरकाकांना गाडी का नाही लागत?" उत्तरं भारी येतात. खरं कारण असं, की वळण येणार हे त्यांना आधीच माहीत असतं. डोळे रस्त्यावर, हात स्टेअरिंगवर, त्यामुळे मेंदूला धक्का बसत नाही.

हा त्रास दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा होत नाही. पुढे वाढत जातो, नऊ-दहाच्या आसपास सर्वात जास्त असतो आणि नंतर बहुतेकांचा कमी होतो. म्हणजे बरोबर आपल्या प्राथमिक शाळेतली मुलं!

आता बसमध्ये बसवायचं कसं? बऱ्याच सहलींत उलटी होणाऱ्या मुलांना 'बाकीच्यांना त्रास नको' म्हणून मागच्या सीटवर पाठवतात. हे अगदी उलट आहे. मागचा भाग चाकांच्या मागे असतो, त्यामुळे तो सर्वात जास्त उसळतो आणि वळणावर झोके खातो. अशा मुलांची जागा पुढे, जिथून समोरचा रस्ता दिसेल. परतवाड्यापर्यंत रस्ता बऱ्यापैकी सरळ असतो, तोवर काय खेळायचं ते खेळा. घाट लागला की पुस्तक, मोबाईल बंद. नजर लांबच्या डोंगरावर, डोकं सीटला टेकलेलं. भेंड्या मात्र चालू द्या, मन रमतं.

आणखी एक, थंडी वाजते म्हणून सगळ्या काचा घट्ट बंद असतात. आत डिझेलचा वास, त्यात कोणाच्या तरी डब्यातला लसणाचा ठेचा! थोडी काच उघडी ठेवा, स्वेटर असतोच.

बोटीचा नियम तोच. गेटवेहून घारापुरीला बोटीने साधारण तासभर लागतो. हिवाळ्यात मुंबईजवळचा समुद्र पावसाळ्यासारखा खवळलेला नसतो, पण दुपारनंतर वारा वाढला की लाटा उठतात, म्हणून सकाळची बोट बरी. बसायचं बोटीच्या मधोमध, कारण टोकं जास्त वरखाली होतात. बघायचं क्षितिजाकडे, ती एकच रेघ स्थिर असते. इंग्रजीतला मळमळीसाठीचा 'नॉशिया' हा शब्द जहाजासाठीच्या ग्रीक शब्दावरून आलाय आणि तो शब्द आपल्या 'नौके'चा नातेवाईक. भाषेच्या तासाला सांगायला छान आहे. आणि चिडवणाऱ्यांना चार्ल्स डार्विन सांगा. १८३१ ते १८३६ अशी जवळपास पाच वर्षांची जलसफर, आणि बोट लागण्याचा त्रास शेवटपर्यंत सुटला नाही. तरी काम केलंच ना?

पालकांसाठी खाण्याचं. उपाशी पाठवू नका, रिकाम्या पोटी मळमळ वाढते. पण पहाटे तर्री-पोहेही नकोत. अर्धी पोळी, मुरमुरे, बिस्किटं असं कोरडं, हलकं द्या. आलेपाकाने अनेकांना बरं वाटतं, सगळ्यांनाच वाटेल असं नाही. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, वयाप्रमाणे आणि निघण्याच्या अर्धा-एक तास आधी. मळमळ सुरू झाल्यावर दिलेली गोळी बहुधा बाहेरच पडते. या गोळ्यांनी झोप येते, तेही शिक्षकांना कळवा. शिक्षकांनी मात्र आपल्या पर्समधली गोळी कुणाच्या मुलाला देऊ नये.

सर्वात महत्त्वाचं शेवटी. उलटी आली की मूल खिडकीतून डोकं बाहेर काढतं. घाटात समोरून दुसरी गाडी घासून जाते, हे जिवावर बेतू शकतं. म्हणून निघण्यापूर्वीच प्रत्येक मुलाच्या हातात एक न फाटलेली पिशवी द्या. फक्त 'लागणाऱ्यां'च्या नाही, सगळ्यांच्या. उलटी झाल्यावर चूळ भरू द्या, थोड्या वेळाने घोट-घोट पाणी द्या, आणि शक्य असेल तिथे बस थांबवून पाच मिनिटं उभं राहू द्या.