घटक ६ : मोहिमेपूर्वीची कागदपत्रे कशी वाचावीत? (दार्दानेल्स, १९१५)

६.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण बखर आणि समकालीन पत्र यांतील भेद पाहिला. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून हा भेद मराठी इतिहासलेखनाच्या केंद्रस्थानी आहे. बखरकाराला शेवट ठाऊक असतो. पत्रलेखकाला उद्या काय होणार हेही ठाऊक नसते. प्रस्तुत घटकात हाच निकष आपण निराळ्या साधनांना लावून पाहणार आहोत. ही साधने म्हणजे पहिल्या महायुद्धातील एका आरमारी व लष्करी मोहिमेच्या पूर्वतयारीत लिहिले गेलेले कागद. त्यांतील बरेचसे आज लंडनजवळील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि चर्चिल यांचे खाजगी दप्तर केंब्रिजच्या चर्चिल कॉलेजात आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १९१४ च्या अखेरीस तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरले. एजियन समुद्रातून कॉन्स्टँटिनोपलकडे जाणारी दार्दानेल्सची सामुद्रधुनी सुमारे ६० किलोमीटर लांब असून सर्वांत अरुंद ठिकाणी तिची रुंदी जेमतेम दीड किलोमीटर भरते. दोन्ही तीरांवर तोफांचे किल्ले होते आणि पाण्यात सुरुंगांच्या ओळी होत्या. २ जानेवारी १९१५ रोजी रशियाने ब्रिटनकडे विनंती केली की, तुर्कांना गुंतवून ठेवण्यासाठी काहीतरी हालचाल करावी.

६.२ एक प्रश्न आणि त्याचे उत्तर

दुसऱ्याच दिवशी नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी पूर्व भूमध्य समुद्रातील ॲडमिरल कार्डन यांना तार केली. केवळ जहाजांच्या बळावर दार्दानेल्स फोडून जाणे त्यांना व्यवहार्य वाटते काय, अशी विचारणा तीत होती. फलश्रुतीचे महत्त्व पाहता मोठी हानीही समर्थनीय ठरेल, असेही त्याच तारेत नमूद होते. आता या प्रश्नाची घडण पाहा. ‘दार्दानेल्सवर काय करता येईल?’ असा हा खुला प्रश्न नाही. ‘केवळ जहाजांच्या’ या शब्दांनी फौजेचा पर्याय आधीच वगळलेला आहे आणि हानीच्या उल्लेखाने विचारणाऱ्याचा कल उघड झालेला आहे. हाताखालच्या अधिकाऱ्याने अशा प्रश्नाला स्पष्ट नकार देणे किती अवघड असते, हे कोणत्याही कचेरीत काम केलेल्या विद्यार्थ्याला सांगावे लागणार नाही.

कार्डन यांचे ५ जानेवारीचे उत्तर सावध होते. एका धडकेत सामुद्रधुनी पार करता येणार नाही. मात्र पुष्कळ जहाजांनिशी दीर्घकाळ कारवाई केल्यास ती कदाचित फोडता येईल, असा त्याचा आशय होता. पुढे चौकशी आयोगासमोर साक्ष देताना त्यांनी या ‘कदाचित’वरच बोट ठेवले. ती फोडता येईलच, असे निश्चित विधान आपण केले नव्हते, असे त्यांचे म्हणणे होते. मराठीत ‘येते’, ‘येईल’ आणि ‘येऊ शकेल’ यांत जे अंतर आहे, तेच येथे निर्णायक होते. परंतु लंडनच्या पुढच्या तारेत ते अंतर मावळले. येथील वरिष्ठ आपल्या मताशी सहमत आहेत, असे कार्डन यांना कळविण्यात आले आणि सविस्तर योजना मागविण्यात आली. या ‘वरिष्ठां’मध्ये आरमाराचे प्रमुख लॉर्ड फिशर धरलेले नव्हते. तार वाचणाऱ्या कार्डनना ते कळण्याचा मार्ग नव्हता.

११ जानेवारीची योजना टप्प्याटप्प्यांची होती. आधी तोंडावरचे किल्ले, मग आतले, मग अरुंद भागातले, शेवटी उरलेले सुरुंग काढून मार्मारा समुद्रात प्रवेश. कागदावर हा क्रम निर्दोष दिसतो. प्रत्यक्षात तोफा सुरुंगांचे रक्षण करीत होत्या आणि सुरुंग तोफांचे. तोफा बंद पाडायच्या तर युद्धनौकांना जवळ जायला हवे. जवळ जायचे तर सुरुंग काढायला हवेत. आणि सुरुंग काढणाऱ्या मासेमारीच्या बोटी तोफांच्या माऱ्यात टिकत नव्हत्या. योजनेतील टप्पे एकामागून एक होते. समोरची अडचण मात्र एकजीव होती.

६.३ ठरावातील क्रियापद

१३ जानेवारी रोजी युद्धमंडळाची बैठक झाली. सचिव मॉरिस हँकी यांच्या टिपणानुसार ठराव असा : फेब्रुवारीत नाविक मोहिमेची तयारी करावी, तिने गॅलिपोलीचे द्वीपकल्प तोफांच्या माऱ्याखाली घेऊन काबीज करावे आणि कॉन्स्टँटिनोपल हे तिचे लक्ष्य असावे. हे वाक्य सावकाश वाचा. ‘काबीज करणे’ या क्रियापदाचा कर्ता येथे आरमार आहे. द्वीपकल्प म्हणजे जमीन, आणि जहाज जमीन ताब्यात ठेवू शकत नाही. त्यासाठी पायदळ लागते. त्या ठरावात पायदळाचा उल्लेखही नाही. सबंध मोहिमेचे अपयश मला या एका क्रियापदात दिसते. भाषेच्या विद्यार्थ्याने या कागदांकडे का वळावे, याचे माझे उत्तरही हेच आहे.

ही टिपणे सदस्यांकडे दुरुस्तीसाठी पाठविली जात नसत. त्यामुळे ‘इतिवृत्तात आहे’ आणि ‘सर्वांना मान्य होते’ ही दोन विधाने एक समजू नयेत. हँकी यांनी त्याच बैठकीचे वर्णन पुढे १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींतही केले आहे. दिवसभराच्या कंटाळवाण्या चर्चेनंतर ही कल्पना मांडली गेली आणि खोलीतले वातावरणच पालटले, असे ते सांगतात. एकाच माणसाची ही दोन साधने आहेत. पहिल्यात निर्णय आहे, पण मनःस्थिती नाही. दुसऱ्यात मनःस्थिती आहे, पण तिच्यावर शेवटाची सावली पडलेली आहे.

२८ जानेवारीच्या बैठकीत फिशर उठून बाहेर जाऊ लागले. किचनर यांनी खिडकीशी नेऊन त्यांची समजूत घातली आणि ते परत येऊन बसले. मोहिमेला असलेला विरोध त्यांनी मंडळापुढे मोकळेपणाने मांडला नाही. मंत्र्यांनी ते मौन संमतीचे लक्षण मानले. आपली जागा सल्लागाराची, बोलण्याची नव्हे, अशी फिशर यांची समजूत होती. चौकशी आयोगाने दोन्ही बाजूंना दोष दिला : मंत्र्यांनी तज्ज्ञांना विचारायला हवे होते आणि तज्ज्ञांनी न विचारताही बोलायला हवे होते. इतिवृत्तात मौन नोंदले जात नाही. उपस्थितांची यादी आणि बोलणाऱ्यांची नावे शेजारी ठेवली, तरच ते दिसते.

६.४ कागदाबाहेर

१८ मार्च रोजी ताफा सामुद्रधुनीत शिरला. दहा दिवसांपूर्वी ‘नुस्रत’ या लहानशा तुर्की जहाजाने एरेनकोयच्या उपसागरात किनाऱ्याला समांतर सुरुंगांची एक ओळ पेरली होती. ती कोणाच्याच नकाशावर नव्हती. ‘बूव्हे’ ही फ्रेंच युद्धनौका काही मिनिटांत सहाशेहून अधिक माणसांसह बुडाली. ‘इररेझिस्टिबल’ आणि ‘ओशन’ याही गेल्या. त्यानंतर, म्हणजे शत्रू पूर्ण सावध झाल्यावर, २५ एप्रिलला फौजा उतरविण्यात आल्या. जानेवारी १९१६ मध्ये शेवटची तुकडी माघारी येईपर्यंत दोन्ही बाजूंचे मिळून एक लाखाहून अधिक सैनिक मरण पावले होते. त्यांत शीख, गुरखा व पंजाबी पलटणींचे हिंदी शिपाई होते. डोंगरकड्यांवर खेचरांवरून पाणी आणि दारूगोळा पोहोचविणारे हिंदी खेचरवालेही तेथे होते. ज्या ठरावात पायदळच नव्हते, त्याची किंमत पायदळाने चुकविली.

१९१६ च्या एकाच कायद्यान्वये दोन चौकशी आयोग नेमले गेले, एक दार्दानेल्ससाठी, दुसरा मेसोपोटेमियासाठी. दुसरी मोहीम हिंदुस्थानातून चालविली गेली, मुंबई बंदर तिचा मोठा तळ होते आणि मराठा पलटणी तीत लढल्या. तिचा विचार पुढील घटकात येईल. येथे एवढेच लक्षात घ्यावे की, आयोगापुढील साक्षी हे बखरीच्या जवळ जाणारे साधन आहे. साक्ष देणाऱ्याला निकाल ठाऊक असतो आणि आपली बाजूही सांभाळायची असते. शिवाय किचनर जून १९१६ मध्ये जहाज बुडून मरण पावल्याने त्यांची साक्ष झालीच नाही. अनुपस्थित माणसावर भार टाकणे सोपे असते. त्यांच्याविषयीची विधाने वाचताना याचे भान ठेवावे.

६.५ स्वयं-अध्ययन

आपल्या परिचयाच्या पतसंस्था, ग्रामपंचायत, शाळा समिती अशा एखाद्या संस्थेचे जुने इतिवृत्त मिळवा. त्यातील एक ठराव उतरवून घ्या व त्यातील क्रियापद अधोरेखित करा. ते काम कोणी आणि कोणत्या साधनांनी करायचे होते, हे त्या वाक्यावरून कळते का, ते लिहा. नंतर उपस्थितांची यादी पाहून, ज्यांच्या बोलण्याची नोंद नाही अशांची नावे वेगळ्या कागदावर मांडा. त्यांपैकी कोणी आज भेटण्यासारखे असल्यास त्यांना त्या दिवसाविषयी विचारा आणि त्यांचे उत्तर साधन म्हणून कोणत्या प्रकारात मोडते, ते दीडशे शब्दांत स्पष्ट करा.