बंद खोलीतील संगणक दुरून कसा सुरू होतो?

मे महिन्यातील दुपार. सोलापुरात पारा ४२ अंशांच्या पुढे गेलेला. महाविद्यालयाला सुट्टी, प्रयोगशाळेला कुलूप आणि कुलपाची किल्ली शिपाईमामांच्या घरी. मी स्वतः सत्तर किलोमीटरवर बार्शीला. आदल्या रात्री वळवाचा पाऊस झाला, वादळात वीज गेली ती पहाटे आली. वीज आली, पण प्रयोगशाळेतील सर्व्हर मात्र सुरू झाला नाही. आता काय करावे?

या सर्व्हरची थोडी ओळख करून देतो. आमच्या विद्यार्थ्यांनी गच्चीवर तापमान व आर्द्रता मोजणारी उपकरणे बसविली आहेत. दर दहा मिनिटांनी एक नोंद होते, म्हणजे दिवसाला १४४. गच्चीवरील नोंदयंत्राला स्वतःची बॅटरी आहे, परंतु त्याची स्मृती तोकडी, फक्त ४८ तासांची. तेवढ्या वेळात सर्व्हरने नोंदी उचलून घेतल्या नाहीत, तर जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात. त्याच्या दोन वर्षे आधी नेमके हेच घडले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत सर्व्हर १९ दिवस बंद राहिला आणि ते कोणाच्या लक्षातही आले नाही. शेवटच्या दोन दिवसांच्या नोंदी हाती लागल्या. उरलेल्या १७ दिवसांच्या, म्हणजे २,४४८ नोंदी कायमच्या गेल्या. पोरांचा चेहरा अजून आठवतो. दोष माझाच होता, कारण दुरून सर्व्हर सुरू करण्याची सोय त्या यंत्रात होती, आणि मी ती कधी वापरलीच नव्हती.

ती सोय कोणती, हे आज पाहू.

घरचा संगणक आणि सर्व्हर यांत तत्त्वतः फरक नाही. सर्व्हर हा इतर संगणकांना सेवा पुरविण्यासाठी रात्रंदिवस चालणारा संगणक. त्याला पडदा नसतो, कळफलक नसतो. लोखंडी मांडणीत, म्हणजे रॅकमध्ये, तो आडवा सरकवून ठेवतात. आमचा सर्व्हर एका माजी विद्यार्थ्याने दिलेला, वापरलेला आहे. दोघांनी मिळून उचलावा लागतो. त्याला दोन पॉवर सप्लाय आहेत. एक यूपीएसला जोडायचा, दुसरा सरळ भिंतीवरील पुरवठ्याला. एक निकामी झाला तरी दुसऱ्यावर यंत्र चालू राहते.

वायर जोडून बटण दाबले की पहिल्याच क्षणी एक मौजेची गोष्ट घडते. आपल्या घरी येणारा प्रवाह प्रत्यावर्ती असतो. २३० व्होल्ट हे त्याचे सरासरी-वर्गमूळ मूल्य; त्याचे शिखर २३० गुणिले १.४१४, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट. पॉवर सप्लायच्या आत मोठी धारित्रे असतात आणि सुरुवातीला ती रिकामी असतात. रिकामे धारित्र क्षणभर जणू सरळ जोडलेल्या तारेसारखे वागते. मार्गात एकच ओहम रोध असेल आणि बटण नेमके शिखराच्या वेळी दाबले गेले, तर ओहमच्या नियमाप्रमाणे ३२५ अँपिअर प्रवाह धावेल! म्हणून मार्गात एक थर्मिस्टर घालतात. तो थंड असताना त्याचा रोध, समजा, १० ओहम असतो. मग प्रवाह ३० अँपिअरच्या आसपासच राहतो. थर्मिस्टर तापला की रोध उतरतो आणि पुढे तो आड येत नाही. एखाद्या शाळेत चाळीस संगणक एकाच बटणावर सुरू केले की फ्यूज का उडतो, याचे उत्तर येथेच आहे.

वायर जोडली, पण सर्व्हरचे स्वतःचे बटण अजून दाबलेले नाही. तुम्ही म्हणाल, यंत्र बंद आहे. तसे नाही! पॉवर सप्लायचा एक छोटा भाग जागा असतो आणि त्यातून १२ व्होल्टचा राखीव पुरवठा सतत चालू राहतो. त्या पुरवठ्यावर मुख्य फलकावरील एक लहानसा, संपूर्ण स्वतंत्र संगणक चालतो. त्याला स्वतःचा प्रक्रियक, स्वतःची स्मृती, स्वतःची आज्ञावली आणि बहुधा जाळ्याची वायर लावण्याचे स्वतःचे छिद्र असते. याचे नाव बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर. त्याची आद्याक्षरे घेतली तर 'बीएमसी' होते, आणि मुंबईकर वाचकांना महापालिका आठवेल. म्हणून मी त्याला 'पहारेकरी' म्हणतो. वेगवेगळे कारखानदार त्याला वेगवेगळी नावे देतात. डेलच्या यंत्रांत तो आयड्रॅक, एचपीच्या यंत्रांत आयएलओ. १९९८ साली इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी या चार कंपन्यांनी अशा पहारेकऱ्यांशी बोलण्याची एक समान भाषा ठरविली. तिला आयपीएमआय म्हणतात.

मुख्य संगणक झोपलेला असो, बिघडलेला असो, त्यात एकही डिस्क नसो, पहारेकरी जागाच असतो. पंख्यांचा वेग, तापमान, विभवांतर हे सर्व तो वाचत राहतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बटण दाबण्याचे काम तो मनुष्याच्या बोटाऐवजी स्वतः करू शकतो.

मात्र पहारेकऱ्यालाही जागे व्हायला वेळ लागतो. वायर जोडल्यावर एकदोन मिनिटे काहीच करू नये. त्यानंतर बटण दाबावे. पंखे प्रथम विमानासारखा आवाज करतात. नवखा माणूस घाबरतो. त्यामागील विचार असा की, तापमान किती हे अजून नीट कळलेले नाही, तेव्हा पंखे पूर्ण वेगाने फिरणेच सुरक्षित. रेल्वेच्या जुन्या हातांच्या सिग्नलची तार तुटली की हात आपोआप 'थांबा' दाखवितो, तोच हा न्याय. मग स्वतःची तपासणी सुरू होते. स्मृतीच्या पट्ट्या पुष्कळ असल्याने ती काही मिनिटे चालते. पडदा नसल्याने पाहणाऱ्याला वाटते, यंत्र अडकले. थांबावे.

आता पहारेकऱ्याशी ओळख करून घ्यायची. त्याच्या छिद्रातून एक वायर थेट लॅपटॉपला जोडली की दोन यंत्रांचे छोटेसे जाळे तयार होते. जाळ्यातील प्रत्येक यंत्राला चार अंकांचा पत्ता लागतो. आयड्रॅकचा कारखान्यातून आलेला पत्ता असतो १९२.१६८.०.१२०. (टंकताना अर्थात इंग्रजी अंक वापरावेत.) ब्राउझरमध्ये हा पत्ता लिहिला की पहारेकऱ्याचे पान, म्हणजे वेब कन्सोल, उघडावयास हवे. माझ्याकडे ते उघडले नाही. वायर बदलली, लॅपटॉप बदलला, अर्धा दिवस गेला. शेवटी एका अकरावीतील मुलीने विचारले, "सर, तुमच्या लॅपटॉपचा पत्ता काय आहे?" तो होता १९२.१६८.१.१०. चूक तेथेच होती!

दोन यंत्रे एकाच गल्लीतील आहेत की नाहीत, हे ती कशी ओळखतात? प्रत्येकाला पत्त्याबरोबर एक 'मुखवटा' दिलेला असतो, उदाहरणार्थ २५५.२५५.२५५.०. पत्ता आणि मुखवटा द्विमान पद्धतीत लिहून एकाखाली एक मांडायचे. दोन्ही जागी १ असेल तर उत्तर १, नाहीतर ०. २५५ म्हणजे आठही जागी १. त्यामुळे त्याच्या खालचा अंक जसाच्या तसा उतरतो. ० च्या खाली सर्व काही पुसले जाते. पहारेकऱ्याच्या पत्त्यावरून उत्तर आले १९२.१६८.०.०, माझ्या लॅपटॉपवरून १९२.१६८.१.०. गल्ल्या निराळ्या! लॅपटॉपने वायरच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या शेजाऱ्याला हाकच मारली नाही. पत्ता बदलून १९२.१६८.०.१० केला आणि पान क्षणात उघडले.

पान उघडण्यापूर्वी ब्राउझरने इशारा दिला की समोरच्याचे प्रमाणपत्र विश्वासार्ह नाही. पहारेकऱ्याने आपले प्रमाणपत्र स्वतःच सही करून दिलेले असते. स्वतःच्या चारित्र्याचा दाखला स्वतःच लिहावा तसे. थेट वायर आपल्या डोळ्यांसमोर असताना येथे पुढे जाण्यास हरकत नाही. परक्या संकेतस्थळावर असा इशारा आला तर मात्र मागे फिरावे.

पहिले काम, पासवर्ड बदलणे. जुन्या यंत्रांना कारखान्याचा एकच ठरावीक पासवर्ड असे आणि तो जगाला पाठ होता. अलीकडे प्रत्येक यंत्राचा वेगळा पासवर्ड त्याच्या पट्टीवर छापलेला असतो. हे हलक्यावर घेऊ नका. पहारेकरी ज्याच्या हातात, त्याच्या हातात सारे यंत्र. तो ते बंद करू शकतो, डिस्क पुसू शकतो. शिवाय २०१३ साली असे उघड झाले की आयपीएमआयच्या दुसऱ्या आवृत्तीत पासवर्ड विचारणाऱ्या कोणालाही पासवर्डचा सांकेतिक ठसा आधीच मिळतो, आणि तो घरी बसून फोडता येतो. म्हणून पहारेकऱ्याला इंटरनेटवर उघडे ठेवायचे नाही. आम्ही त्याला महाविद्यालयाच्या आतील जाळ्यात ठेवले आहे, आणि बाहेरून येण्यासाठी एक सांकेतिक बोगदा, म्हणजे व्हीपीएन, वापरतो.

दुसरे काम वरवर क्षुल्लक, पण १९ दिवसांचे नुकसान त्यानेच केले होते. 'वीज परत आल्यावर काय करावे?' असा प्रश्न मांडणीत विचारलेला असतो. तीन उत्तरे: बंद राहा, सुरू हो, किंवा आधी होतास तसा हो. मी तिसरे निवडले होते. शहाणपणाचे वाटते ना? पण पाहा. वीज गेली, यूपीएसची बॅटरी संपत आली, यूपीएसने सर्व्हरला व्यवस्थित बंद होण्याची आज्ञा दिली आणि तो बंद झाला. मग दोन्ही पुरवठे गेले. वीज आली तेव्हा पहारेकऱ्याने आठवून पाहिले: 'आधी काय होते? बंद.' आणि त्याने आज्ञा तंतोतंत पाळली! यंत्राची चूक नव्हती.

मग यावेळीही सर्व्हर का सुरू झाला नाही? मी आता मुद्दाम 'बंद राहा' निवडले होते. सोलापूरच्या मे महिन्यात खोली थंड आहे की नाही हे पाहिल्यावाचून यंत्र सुरू होऊ नये, असे मला वाटले. त्या दुपारी बार्शीहून बोगद्यातून शिरलो, पहारेकऱ्याचे पान उघडले. आत येणाऱ्या हवेचे तापमान ३३ अंश. आमच्या प्रकारच्या सर्व्हरला ३५ अंशांपर्यंतची हवा चालते. बरी म्हणाल तर १८ ते २७. सुरू करण्याची आज्ञा दिली. दुरून पाहण्याच्या पडद्यावर तपासणीच्या ओळी दिसू लागल्या, आणि दहाएक मिनिटांत नोंदी उतरू लागल्या. परंतु तापमानही चढू लागले: ३४, ३५. वीज आल्यावर खोलीचे वातानुकूलन यंत्र आपोआप सुरू झालेच नव्हते.

तुम्हीही हा हिशेब करू शकाल. खोली ४ मीटर लांब, ३ रुंद, ३ उंच. हवा ३६ घनमीटर, म्हणजे सुमारे ४० किलोग्रॅम. एक किलोग्रॅम हवा एक अंशाने तापवायला सुमारे १,००० ज्यूल लागतात. सगळी हवा तापवायला ४०,०००. सर्व्हर २०० वॅट खातो आणि ते सर्व अखेर उष्णतेतच जातात. तेव्हा २०० सेकंदांत एक अंश, अर्ध्या तासात नऊ अंश! प्रत्यक्षात अर्ध्या तासात तीनच अंश वाढले; बाकीची उष्णता भिंतींनी आणि टेबलांनी घेतली. पण पारा ३६ वर आला होता. नोंदी अजून निम्म्याच उतरल्या होत्या. थांबावे की बंद करावे? ४८ तासांपैकी जेमतेम पंधरा तास उलटले होते, म्हणजे नोंदींना अवधी होता. यंत्र जळाले असते तर दुसरे नव्हते. मी ते दुरूनच बंद केले आणि शिपाईमामांना फोन लावला. ते सायंकाळी उन्हे कलल्यावर सायकलवरून गेले, कुलूप काढून वातानुकूलनाचे बटण दाबले. रात्री नऊला हवा २६ अंशांवर आली. मी पुन्हा आज्ञा दिली. एकही नोंद गेली नाही.

आमचे हे प्रकरण लहान. पण खोडदला जा. नारायणगावजवळ जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची आहे. १४ मध्यभागी, उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय' अक्षराच्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात. शेतांतून, ओढ्यांतून प्रत्येक अँटेनापर्यंत धावत जाऊन बटणे कोण दाबणार? प्रत्येकीच्या पायथ्याशी एक छोटा संगणक आहे. नियंत्रण कक्षातून प्रकाशतंतूंवरून त्याला आज्ञा जाते आणि तो अँटेना वळवितो, तिची प्रकृती कळवितो.

आणि पहारेकऱ्यापर्यंतची वाटच तुटली तर? ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री आपल्याकडे नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप आणि फेसबुक बंद पडले. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने फेसबुकच्या साऱ्या केंद्रांमधील दुवे तुटले. अभियंत्यांनी दुरून शिरण्याची राखीव वाट वापरू पाहिली, तर तीही बंद! अखेर माणसे प्रत्यक्ष पाठवावी लागली, आणि केंद्रांची दारे इतकी बंदोबस्ताची की आत जाऊन यंत्रांना हात लावण्यातही वेळ गेला. सेवा परत यायला सहा तासांहून अधिक लागले. त्यातही सर्व एकदम सुरू करता येईना. एकेका केंद्राचा वीजवापर कित्येक दशलक्ष वॅटनी उतरला होता. तो एका झटक्यात वर गेला असता तर विद्युत यंत्रणेवर ताण आला असता. चाळीस संगणक आणि एक बटण, तोच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर.

आमच्या खोलीच्या किल्लीची एक प्रत आता बार्शीला माझ्याकडे आहे. शिपाईमामांकडची आहेच.

जाता जाता एक उदाहरण सोडवून पाहा. मुखवटा २५५.२५५.२५५.१२८ आहे. १०.२०.३०.१०० आणि १०.२०.३०.१४० हे पत्ते एकाच गल्लीतील आहेत काय? शेवटचा अंक द्विमान पद्धतीत मांडा. १२८ म्हणजे १०००००००; १०० म्हणजे ०११००१००; १४० म्हणजे १०००११००. डावीकडील पहिली जागा तेवढी तपासा.