मालगाडीच्या इंजिनांचे रंग : ओळख, सुरक्षितता आणि वारसा

पनवेलहून माथेरानच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यावर सुकापूर हे गाव आहे. एकेकाळी शेतीवर निर्वाह करणाऱ्या या परिसरात आता वसाहती उभ्या राहिल्या असून, येथील असंख्य रहिवासी दररोज पनवेल स्थानकावरून कामाला जातात. दिवा, कर्जत व रोहा या तिन्ही दिशांचे लोहमार्ग पनवेलला मिळतात. १९८९ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारी मालवाहतूकही याच परिसरातून होते. लोकलची वाट पाहत उभ्या असलेल्या प्रवाशासमोरून कंटेनरांची लांबच लांब गाडी निघून जाते, तेव्हा त्याचे लक्ष बहुधा घड्याळाकडे असते. परंतु त्या गाडीच्या अग्रभागी असलेल्या इंजिनाकडे दोन क्षण नीट पाहिले, तर त्याचा रंग व त्यावरील अक्षरे पुष्कळ माहिती देतात. ती कशी वाचावी, याचा थोडक्यात परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

अक्षरांचे वाचन

प्रत्येक इंजिनावर त्याचा वर्ग लिहिलेला असतो. ‘डब्ल्यूएजी–९’ हे उदाहरण घेऊ. पहिले अक्षर ‘डब्ल्यू’ म्हणजे रुंदमापी मार्ग. दुसरे अक्षर शक्तीचा प्रकार सांगते : ‘ए’ म्हणजे प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाह, ‘सी’ म्हणजे एकदिश विद्युत्प्रवाह, ‘सीए’ असल्यास दोन्ही, आणि ‘डी’ म्हणजे डिझेल. तिसरे अक्षर कामाचे : ‘जी’ मालगाडीसाठी, ‘पी’ प्रवासी गाडीसाठी, ‘एम’ दोन्ही कामांसाठी. शेवटचा अंक त्या वर्गातील प्रकार दर्शवितो. याखेरीज इंजिनाचा स्वतंत्र क्रमांक असतो आणि ज्या लोको शेडमध्ये त्याची देखभाल होते तिचे नावही असते. कल्याण, पुणे, भुसावळ, अजनी ही नावे आपल्या राज्यातील इंजिनांवर दिसतात. हे नाव म्हणजे इंजिनाचे माहेरच. ते देशात कोठेही धावो, ठरावीक मुदतीत तपासणीसाठी त्याला तेथे परतावे लागते.

रंग कशासाठी ?

रंगाचे पहिले काम संरक्षणाचे. लोखंडाला हवा व ओलावा मिळाला की गंज चढतो. कोकणातील चार महिन्यांचा पाऊस आणि खारी हवा त्याला साहाय्यच करतात. म्हणून मोठ्या दुरुस्तीच्या वेळी जुना थर खरवडून, अस्तर देऊन नवा रंग चढविला जातो. मालडब्यांवर दिसणारा तांबूस तपकिरी रंगही सोयीचाच आहे : लोहभस्मापासून होणारे हे रंगद्रव्य स्वस्त, टिकाऊ आणि मळ झाकणारे असते. कोळशाच्या काळात मालगाडीची इंजिने बहुधा काळी असत, त्याचेही कारण काजळीच होते.

शोभेचा मान प्रवासी गाड्यांकडे गेला. १ जून १९३० रोजी मुंबई–पुणे मार्गावर सुरू झालेल्या ‘डेक्कन क्वीन’च्या दोन संचांपैकी एक रुपेरी असून त्यावर किरमिजी कडा होत्या, तर दुसरा निळा असून त्यावर सोनेरी रेघा होत्या. त्याच काळात बोरघाटात माल ओढणारी विद्युत इंजिने मात्र रंगामुळे नव्हे, तर आकारामुळे आणि आवाजामुळे लोकांच्या ध्यानात राहिली. दोन्ही टोकांना लांब नाक असलेल्या ‘डब्ल्यूसीजी–१’ या इंजिनांना जगभर ‘मगर’ म्हणत. आपल्याकडील कामगारांनी मात्र त्यांचे नाव ‘खेकडा’ ठेवले. यंत्राला आपले नाव देणे ही आपलेपणाचीच खूण होय.

शेडचा रंग

डिझेल इंजिने आल्यावर हा आपलेपणा रंगांतून प्रकटला. देशातील निरनिराळ्या शेडांनी आपापल्या इंजिनांसाठी निराळ्या रंगयोजना स्वीकारल्या. पट्टा कोठे असावा, त्याची रुंदी किती, समोरच्या भागावर कोणता आकार काढावा, यांत शेडगणिक फरक असे. जाणकार मनुष्य दुरूनच, नाव वाचण्यापूर्वी, इंजिन कोणत्या शेडचे आहे ते सांगू शके.

आता चित्र पालटले आहे. कोकण रेल्वेच्या मार्गाचे संपूर्ण विद्युतीकरण जून २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. मध्य रेल्वेचे रुंदमापी मार्गही २०२३ पर्यंत विद्युतीकृत झाले. इंधनाची बचत व धुरापासून मुक्तता हे याचे मोठे लाभ आहेत. त्याबरोबर, सहा हजार अश्वशक्तीच्या ‘डब्ल्यूएजी–९’ वर्गाची हिरव्या अंगावर फिकट पट्टा असलेली इंजिने सर्वत्र दिसू लागली. रंग एकच असल्याने देखभाल सोपी होते. पण शेडची निराळी मुद्रा पुसट होते.

घाईने दिलेला रंग

रंग हा मालकीचा दाखला असतो, हे अमेरिकेतील एका प्रसंगावरून चांगले ध्यानात येते. तेथे सदर्न पॅसिफिक व सांता फे या दोन मोठ्या रेल्वे कंपन्यांच्या मूळ संस्था १९८३ मध्ये एकत्र आल्या. दोन्ही रेल्वेंच्या विलीनीकरणास सरकारी आयोगाची संमती मिळेल, असे गृहीत धरून शेकडो इंजिनांना नवा लाल–पिवळा रंग देण्यात आला. एकीच्या इंजिनांवर ‘एसपी’ लिहून पुढे ‘एसएफ’साठी जागा मोकळी ठेवली, तर दुसरीच्या इंजिनांवर ‘एसएफ’ लिहून आधीची जागा मोकळी सोडली. १९८६ मध्ये आयोगाने स्पर्धा नष्ट होईल या कारणास्तव संमती नाकारली. ती अर्धी अक्षरे घेऊन इंजिने पुढे अनेक वर्षे धावत राहिली. ‘इतक्या घाईने रंग द्यावयास नको होता’ असा त्या चार अक्षरांचा अर्थ तेथील लोक विनोदाने लावू लागले.

पिवळा चेहरा

रंगाचे सर्वांत महत्त्वाचे काम प्राणरक्षणाचे. आवाज व धूर करीत येणारे वाफेचे इंजिन दुरून कळत असे. डिझेल व विद्युत इंजिने त्या मानाने शांतपणे येतात. ब्रिटनमध्ये १९६० नंतरच्या दशकात मार्गावर काम करणाऱ्यांना गाडी लवकर दिसावी म्हणून इंजिनांच्या दर्शनी भागावर प्रथम लहान पिवळा चौकोन आणि पुढे संपूर्ण पिवळा रंग देण्यात आला. अधिक प्रखर दिवे उपलब्ध झाल्यावर, २०१६ पासून त्या नियमात सवलत मिळाली.

आपल्याकडे गँगमन उन्हातान्हात व पावसात रुळांवर काम करतात. त्यांच्या दृष्टीने इंजिनाचा दर्शनी भाग ठळक दिसणे ही चैन नव्हे. पावसाळ्यात हिरव्यागार डोंगराच्या पार्श्वभूमीवर हिरवे इंजिन उठून दिसत नाही; अशा वेळी फिकट पट्टा आणि दिवा यांचेच साहाय्य होते. म्हणून कोणत्याही रंगयोजनेचा विचार करताना ती छायाचित्रात कशी दिसेल याआधी ती रुळांवरच्या माणसाला किती अंतरावरून दिसेल, हे पाहिले पाहिजे.

वारशाचे रंग

जुने रंग जपण्याचे मार्गही आहेत. अमेरिकेतील युनियन पॅसिफिक कंपनीने २००५–०६ मध्ये आपल्यात विलीन झालेल्या सहा रेल्वेंच्या स्मरणार्थ सहा इंजिने रंगविली. नॉरफोक सदर्न कंपनीने २०१२ मध्ये आपल्या तिसाव्या वर्षानिमित्त वीस मालवाहू इंजिनांना पूर्वसुरींचे रंग दिले. ही इंजिने संग्रहालयात न ठेवता नेहमीच्या मालगाड्यांना जोडली जातात. भारतातही स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवानिमित्त काही इंजिनांवर तिरंगा झळकला. काही इंजिनांवर जाहिरातीही आल्या. राष्ट्रीय प्रसंगाचा रंग आणि जाहिरातीचा रंग यांना जशी जागा मिळाली, तशी शेडच्या जुन्या रंगालाही मिळू शकेल. प्रत्येक शेडने आपले एखादे इंजिन जुन्या रंगात राखले, तर नित्याच्या दुरुस्तीत बसणाऱ्या अल्प खर्चात कामगारांच्या पिढ्यांची आठवण टिकेल.

नागरिकांनाही यात वाटा उचलता येईल. रेल्वेतून निवृत्त झालेल्यांपाशी जुनी छायाचित्रे असतात. त्यांच्या पाठीमागे वर्ष, स्थळ व इंजिनाचा क्रमांक लिहून ठेवावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना फलाटावरून इंजिनांच्या वर्गाची, क्रमांकाची व शेडची नोंद करावयास लावावे. भूगोल, विज्ञान व इतिहास हे तिन्ही विषय त्यातून सहज शिकता येतील. मात्र हे निरीक्षण फलाटावरील सुरक्षित रेषेच्या आत राहूनच व्हावे; छायाचित्राच्या मोहाने कोणीही रुळांवर उतरू नये.

आपल्या परिसरातून जाणारी मालगाडी देशाचे धान्य, कोळसा व व्यापारी माल वाहून नेते. तिच्या इंजिनाची ओळख पटली की दूरच्या शेडमधील फिटरचे व रंगाऱ्याचे काम आपल्या नजरेस पडते, आणि रुळांशेजारी बावटा घेऊन उभा असलेला गँगमनही दिसू लागतो.