नव्या लॅपटॉपचा पडदा आणि त्याची स्मृती : एक अभ्यास

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्रावर लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. ज्याची गाठ आजवर मागणी-पुरवठ्याच्या वक्ररेषांशीच पडली, त्याने ट्रान्झिस्टरच्या गोष्टी सांगू नयेत, असेही कोणी म्हणेल. परंतु अनुभवासारखा गुरू नाही म्हणतात, आणि या गुरूची फी मी पुरेपूर भरली आहे.

गेल्या जुलै महिन्यात वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढून मला एक पातळ, हलका लॅपटॉप घेऊन दिला. त्यात ८ जीबी रॅम होती. "आठात काय होतंय? आणखी आठ टाकून घे," असे एका मित्राने सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघांनी पाठचे झाकण उघडून रॅमची नवी पट्टी बसवली. तिसऱ्या रात्री दिवा मालवून चित्रपट लावला, तेव्हा काळ्या भागात उजवीकडे वर एक हिरवा ठिपका चमकताना दिसला. धूळ समजून पुसला. तो गेला नाही. दुकानात गेलो. दुकानदाराने लॅपटॉप उलटा करून स्क्रू पाहिले आणि विचारले, "झाकण तुम्ही उघडलंत का? मग बदलून मिळणार नाही." दुरुस्ती केंद्रात वेगळेच उत्तर मिळाले : "असा एखादा ठिपका मर्यादेत बसतो."

ही मर्यादा कोणी ठरवली? पडद्यावरच्या ठिपक्याशी रॅमचा संबंध काय? या प्रश्नांची उत्तरे शोधताना जे हाती लागले, ते बंधुभगिनींच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहे.

पातळपणाचा सोस

१५ जानेवारी २००८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी पाकिटातून एक लॅपटॉप बाहेर काढून दाखवला. तो होता पहिला मॅकबुक एअर. त्यातील २ जीबी रॅम मुख्य फलकावर डाख लावून पक्की केलेली होती. ती वाढवण्याची सोयच नव्हती. पुढे २०११ च्या मे महिन्यात तैपेई येथील कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात इंटेल कंपनीने 'अल्ट्राबुक' ही कल्पना मांडली. हा इंटेलचा नोंदलेला शब्द असून तो वापरण्यासाठी अटी होत्या. सुरुवातीच्या वर्षांतील अटींप्रमाणे लहान पडद्याच्या यंत्राची जाडी १८ मिलिमीटरपेक्षा आणि १४ इंची किंवा मोठ्या यंत्राची २१ मिलिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये, असे ठरले होते. आज जाहिरातींत हा शब्द क्वचितच दिसतो. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या पिशवीत असते ते यंत्र त्याच कुळातले असते.

जाडी कमी करावयाची तर कोठेतरी काटकसर आलीच. झाकण पातळ झाले, म्हणजे पडद्याला पाठबळ कमी झाले. आतील जागा घटली, म्हणजे रॅमची खाच गेली. तेव्हा माझ्या कथेतील दोन्ही पात्रे, म्हणजे पडदा आणि रॅम, एकाच कारणाने अडचणीत आलेली आहेत.

पडदा कसा दिसतो

१८८८ साली ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिश राइनिट्झर यांना एक विचित्र पदार्थ आढळला. तो १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ होई आणि १७८.५ अंशांना पुन्हा स्वच्छ होई. मधल्या अवस्थेत तो द्रवासारखा वाहतो, पण त्याच्या रेणूंत स्फटिकाची शिस्त असते. हाच द्रव-स्फटिक. काचेच्या दोन पातळ तावांमध्ये अशा पदार्थाचा थर भरून त्याला विजेचा दाब दिला की रेणू वळतात आणि मागून येणारा प्रकाश सोडतात किंवा अडवतात. हा प्रकाश पडद्याच्या एका कडेला बसवलेल्या छोट्या दिव्यांतून येतो आणि एका पारदर्शक पत्र्यातून सर्वत्र पसरतो.

आपल्या लॅपटॉपवर सर्रास आढळणारा पडदा १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा असतो. गुणाकार केला तर २०,७३,६०० ठिपके, म्हणजे पिक्सेल होतात. प्रत्येक पिक्सेलचे तांबडा, हिरवा व निळा असे तीन भाग, म्हणून एकूण ६२,२०,८०० उपठिपके. प्रत्येकाला स्वतंत्र ट्रान्झिस्टर. बासष्ट लाखांच्या वस्तीत एखादे घर अंधारे राहिले किंवा एखाद्या घरातला दिवा मालवेनासा झाला, तर त्यात नवल काय? माझ्या पडद्यावर एका हिरव्या घराचा दिवा मालवत नाही, एवढाच प्रकार आहे.

दोषांचे प्रकार

सगळे दोष सारखे नसतात, म्हणून ते वेगळे ओळखता आले पाहिजेत.

पहिला, मृत पिक्सेल. हा नेहमी काळा राहतो आणि पांढऱ्या पानावर उठून दिसतो. दुसरा, अडकलेला पिक्सेल. हा तांबडा, हिरवा किंवा निळा असा सतत पेटलेला असतो आणि काळ्या पानावर दिसतो. तो रंग भराभर बदलणाऱ्या चित्राने क्वचित सुटतो, पण खात्री नाही. बोटाने दाबण्याचा उपाय काही लोक सुचवतात. पातळ काचेवर तो करू नये.

तिसरा दोष कडेने प्रकाश झिरपण्याचा. काळ्या पानावर कोपऱ्यांत पांढुरकी झाक दिसते. येथे एक सावधगिरी हवी. आयपीएस जातीच्या पडद्यात तिरकस पाहिले असता थोडी चमक दिसतेच. तो दोष नव्हे, स्वभाव आहे. डोके हलवल्यावर झाक सरकली तर स्वभाव, जागच्या जागी राहिली तर झिरप.

चौथा, दाबाचा डाग. लॅपटॉपवर जाड ग्रंथ ठेवले, पिशवी बसमध्ये चेंगरली किंवा उघडा पडदा एका कोपऱ्याला धरून उचलला, तर पडद्यावर पांढरट ढग उमटतो. कॅमेऱ्यावर चिकटवलेली प्लास्टिकची जाड पट्टीही झाकण मिटताना काचेवर दाब आणते. हा दोष आपण केलेला असल्याने हमीत बसत नाही.

पाचवा, उभी किंवा आडवी रेघ. काचेच्या कडेला चिकटवलेल्या नाजूक फितीचा जोड सुटला की ती उमटते. पडदा पुढेमागे करताना चित्र लुकलुकत असेल, तर बिजागरीतून जाणाऱ्या तारेकडे संशय न्यावा.

तपासणीची रीत सोपी आहे. अंधाऱ्या खोलीत पडदाभर काळा, पांढरा, तांबडा, हिरवा आणि निळा असे एकरंगी चित्र पाळीपाळीने लावावे व प्रत्येक रंग मिनिटभर न्याहाळावा. पाच रंगांना पाच मिनिटे. ही पाच मिनिटे मी पहिल्याच दिवशी दिली असती, तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

मर्यादा कोणी ठरवली?

२००१ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने, म्हणजे आयएसओने, १३४०६-२ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. त्यात पडद्यांचे चार वर्ग केले होते. पहिल्या वर्गात एकही दोष चालत नाही. दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे २ सदैव उजळ, २ सदैव काळे आणि उपठिपक्यांचे ५ दोष चालतात. म्हणजे आपल्या वीस लाखांच्या पडद्यावर उपठिपक्यांचे सुमारे दहा दोष असूनही तो दुसऱ्या वर्गात उत्तीर्णच! २००८ मध्ये या मानकाची जागा ९२४१ मालिकेतील मानकांनी घेतली. परंतु वर्गवारीची कल्पना कायम राहिली.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. मानक हा कायदा नव्हे. आपला पडदा कोणत्या वर्गाचा आणि किती दोषांनंतर बदलून मिळेल, हे ज्या त्या कंपनीने आपल्या धोरणात लिहिलेले असते. ते खरेदीपूर्वी वाचता येते. मी ते वाचले नव्हते. काही विक्रेते मात्र पहिल्या ठरावीक दिवसांत एका ठिपक्यासाठीही यंत्र बदलून देतात. ही मुदत म्हणजेच ग्राहकाची खरी सवलत, आणि नेमकी तीच मी झाकण उघडून गमावली.

रॅमची गोष्ट

रॅमचे मूळ रॉबर्ट डेनार्ड या संशोधकाच्या कल्पनेत आहे. आयबीएममध्ये काम करीत असताना त्यांनी एक ट्रान्झिस्टर आणि एक धारित्र एवढ्यावर माहितीचा एक अंश साठवण्याची युक्ती शोधली. १९६८ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. धारित्रातील भार गळतो, म्हणून तो साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की सारे विसरले! आदल्या रात्री पाठ करून परीक्षेला जाणाऱ्या आपल्यासारख्यांना ही स्मृती परिचयाची वाटावी.

८ जीबी रॅममध्ये अशा सुमारे ६,८७१ कोटी पेशी असतात. मग पडद्याच्या बासष्ट लाखांत दोष राहतो आणि येथे तो का दिसत नाही? कारण रॅमच्या चिपमध्ये पेशींच्या काही राखीव ओळी असतात. कारखान्यात सदोष ओळ सापडली की तिचे काम राखीव ओळीकडे सोपवतात आणि ग्राहकाला पत्ताही लागत नाही. पडद्यावर ही सोय नाही. तेथे प्रत्येक ठिपक्याची जागा ठरलेली असते आणि तपासनीस असतो माणसाचा डोळा.

रॅम वाढवावी का आणि वाढते का?

हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर आपल्या कामात आहे. रॅम भरली की यंत्र तात्पुरता मजकूर डिस्कवर नेऊन ठेवते आणि तेथून परत आणते. ही ये-जा म्हणजेच आपल्याला जाणवणारा संथपणा. पण रॅम भरतच नसेल, तर ती दुप्पट करून वेग दुप्पट होत नाही. विंडोज प्रणालीत टास्क मॅनेजर उघडून नेहमीचे काम चालू असताना किती रॅम वापरली जाते, ते आठवडाभर पाहावे. मी हे नंतर पाहिले. स्कॅन केलेली पुस्तके, टंकलेखन आणि ब्राउझरची दहाबारा पाने एवढ्यात माझी सहा जीबीसुद्धा भरत नव्हती. घाई केली नसती तरी चालले असते, हे कळायला उशीर झाला.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या पोटात आहे. काही यंत्रांत रॅमच्या दोन खाचा असतात. काहींत निम्मी रॅम पक्की आणि एक खाच मोकळी असते. काहींत सगळीच पक्की. टास्क मॅनेजर खाचांची संख्या दाखवतो, पण पक्क्या रॅमलाही तो कधी कधी खाच म्हणून मोजतो. म्हणून कंपनीची दुरुस्ती-पुस्तिका पाहावी. पट्टीची जातही जुळली पाहिजे. लॅपटॉपच्या डीडीआर४ पट्टीला २६० टोके व १.२ व्होल्ट दाब, तर डीडीआर५ ला २६२ टोके व १.१ व्होल्ट. पट्टीवरील फटीची जागा वेगळी असल्याने एक दुसरीच्या जागी बसत नाही.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. पक्क्या रॅमला वीज कमी लागते आणि प्रोसेसरपर्यंतची वाट आखूड असल्याने ती जास्त वेगाने चालू शकते. २०२० च्या ॲपल एम१ मध्ये आणि २०२४ च्या इंटेलच्या एका प्रोसेसर मालिकेत तर रॅम प्रोसेसरच्याच पाकिटात गेली. हे तांत्रिक कारण खरेच आहे. पण जास्त रॅम हवी असल्यास ती पहिल्याच दिवशी, कंपनीच्याच भावाने घ्यावी लागते, हेही तितकेच खरे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे स्पर्धेचा संकोच दिसल्यावाचून राहत नाही. दिलासा एवढाच की डिसेंबर २०२३ मध्ये जेडेक या संस्थेने कॅम२ नावाच्या, चपट्या पण स्क्रूने काढता येणाऱ्या रॅमचे मानक प्रसिद्ध केले आहे.

पडद्याचा गुन्हा की रॅमचा?

बहुतेक पातळ लॅपटॉपांत चित्रासाठी वेगळी स्मृती नसते. चित्र मुख्य रॅममध्येच तयार होते. म्हणून रॅमची पट्टी नीट बसली नाही तर पडदा काळाच राहू शकतो, आणि रॅम सदोष असेल तर रंगीत चौकोन किंवा तुटके चित्र दिसू शकते. ग्राहक दोष देतो पडद्याला! ओळखण्याची खूण अशी की पडद्याचा दोष जागा सोडत नाही. पडद्याचे छायाचित्र यंत्राकडूनच, म्हणजे स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो दुसऱ्या यंत्रावर पाहावा. त्यात दोष दिसला तर पडदा निर्दोष. माझा हिरवा ठिपका स्क्रीनशॉटमध्ये नव्हता आणि जुनी रॅम एकटी ठेवल्यावरही जागेवरच होता. म्हणजे दुकानदाराने झाकणाचा मुद्दा काढला, पण ठिपक्याचा आणि झाकणाचा काहीही संबंध नव्हता. मात्र हे सिद्ध करण्याइतके ज्ञान त्या दिवशी मजजवळ नव्हते.

उपसंहार

तात्पर्य, क्रम महत्त्वाचा. नवे यंत्र घरी आले की आधी पडदा तपासावा. दोष आढळल्यास छायाचित्र व बिलासह मुदतीतच लेखी तक्रार करावी. झाकण उघडल्यास हमी राहते का, हे लेखी विचारावे. काही कंपन्या रॅम बदलण्यास परवानगी देतात, काही देत नाहीत. बदलण्याची मुदत संपल्यावर, गरज सिद्ध झाली तरच रॅम घ्यावी. बसवताना यंत्र पूर्ण बंद करून बॅटरीची जोडणी काढावी आणि हातातील स्थितिक वीज जाण्यासाठी धातूला स्पर्श करावा. पट्टी तिरकी घालून दोन्ही कड्या लागेपर्यंत अलगद दाबावी.

एवढे करूनही दाद मिळाली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आपल्या बाजूला आहे. तो २० जुलै २०२० पासून अमलात आला असून त्यानुसार तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही जाता येते. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे.

मी आयोगाकडे गेलो नाही. वडिलांना मात्र सगळे सांगितले. ते एवढेच म्हणाले, "यंत्र चालतंय ना? मग अभ्यास कर." पतपेढीचे हप्ते अजून चालू आहेत. हा लेख त्याच लॅपटॉपवर लिहिला. पांढऱ्या पानावर तो ठिपका दिसत नाही. रात्री काम संपवून पडदा काळा झाला की दिसतो. पुढच्या वर्षी नवे यंत्र घेणाऱ्या धाकट्या बंधुभगिनींना तो दिसू नये, म्हणून हा प्रपंच.