आपापल्या भाषेत

आजचं वाचन : प्रेषितांची कृत्ये २:१-११



पेंटेकॉस्टच्या दिवशी यरुशलेममध्ये देशोदेशीचे लोक जमले होते. शिष्य बोलू लागले आणि प्रत्येकाला ते आपापल्या भाषेत ऐकू आलं. तिथे हे क्षणात घडलं. गोव्यात एका माणसाला त्यासाठी ३७ वर्षं लागली.

फादर थॉमस स्टीफन्स मूळचे इंग्लंडचे, येशूसंघीय धर्मगुरू. १५७९ मध्ये लिस्बनहून निघून ते गोव्यात आले आणि पुढची चाळीस वर्षं, १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, इथेच राहिले. साष्टीच्या गावांत राहून कोकणी आणि मराठी शिकले. कोकणीचं व्याकरण लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये छापलं गेलं. आणि १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं त्यांचं 'ख्रिस्तपुराण' : मराठीत, जवळपास ११ हजार ओव्या.

आम्ही सॉफ्टवेअरवाले एखादं ॲप मराठीत आणतो तेव्हा बहुतेकदा बटणांवरचे शब्द बदलतो, आतलं सगळं तसंच राहतं. फादरांनी तसं केलं नाही. लोक ज्या ओवीत देवाचं नाव ऐकत आले होते, ती ओवीच त्यांनी उचलली.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतली देवळं पाडली होती, जुन्या पुराणांवर बंदी घातली होती. ख्रिस्तपुराणाच्या सुरुवातीलाच एक नवख्रिस्ती विचारतो, की आमची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं काही का देत नाही? या प्रश्नात भूक आहे, तशी जखमही आहे. ज्यांनी हिरावून घेतलं, फादर त्यांच्याच बाजूचे होते. तरी त्यांनी तो प्रश्न दाबला नाही, आपल्या ग्रंथातच लिहून ठेवला. मला त्यांचं हेच सर्वांत मोठं वाटतं.

आपण शुभवार्ता सांगायला फार घाई करतो. स्टेटस टाकला, वचन फॉरवर्ड केलं, झालं! समोरच्याचं दुखणं काय, तो कुठल्या शब्दांत रडतो, हे ऐकायला थांबतो का? पेंटेकॉस्टचा चमत्कार जिभेचा तितकाच कानाचाही आहे.

आजचा संकल्प : आज एका माणसाचं, मध्ये न बोलता, पूर्ण ऐकून घ्या. उत्तर उद्या दिलं तरी चालेल.

प्रार्थना : हे पवित्र आत्म्या, बोलण्याआधी मला ऐकायला शिकव. आमेन.